सर्च इंजिन कंपन्या एकत्र येतात तेव्हा : मराठवाड्यातील जाहिरातदारांसाठी क्रमवार मार्गदर्शन

दोन सर्च इंजिन कंपन्यांनी हातमिळवणी केल्याची बातमी वर्तमानपत्रात अर्थविषयक पानावर येते आणि छत्रपती संभाजीनगर, लातूर किंवा नांदेडमध्ये बसून दुकानदारांच्या ऑनलाइन जाहिराती सांभाळणारे लोक ती वाचून बाजूला ठेवतात. तिचा परिणाम मात्र काही महिन्यांनी, बातमी विसरल्यानंतर जाणवू लागतो. एखाद्या कीवर्डचा, म्हणजे ज्या शोधशब्दावर आपली जाहिरात दिसते त्याचा, क्लिकमागचा दर वाढतो, जुन्या खात्यातील अहवाल उघडेनासा होतो किंवा वेबसाइटमध्ये एक अक्षरही बदललेले नसताना चौकशीचे फोन कमी होतात. अशा वेळी दोष जाहिरातीच्या मजकुराला दिला जातो आणि खरे कारण शोधायचे राहून जाते. ते वेळीच ओळखता यावे आणि त्यासाठीची तयारी आधीच झालेली असावी, या दृष्टीने पुढील पायऱ्या मांडल्या आहेत.

पायरी १ : नावांऐवजी साठे मोजा

कोणत्याही सर्च इंजिनामागे दोन स्वतंत्र यंत्रणा असतात. एक म्हणजे वेबपानांचा साठा, ज्याला इंडेक्स म्हणतात आणि ज्यातून निकाल काढले जातात. दुसरी म्हणजे जाहिरातींचा लिलाव, ज्यात जाहिरातदारांच्या बोलींवरून जाहिरातीची जागा आणि दर ठरतो. कंपन्या यांपैकी एकच यंत्रणा एकत्र करू शकतात किंवा दोन्ही. वरची पाटी मात्र तशीच राहते, त्यामुळे बाहेरून पाहणाऱ्याला काही बदलल्याचे कळतही नाही.

याहूचा इतिहास या बाबतीत वाचण्यासारखा आहे. २००० पासून याहूवर दिसणारे निकाल गूगलकडून येत होते. डिसेंबर २००२ मध्ये याहूने इंकटोमी ही कंपनी घेण्याचे जाहीर केले. जुलै २००३ मध्ये क्लिकमागे पैसे आकारण्याची लिलाव पद्धत रूढ करणारी ओव्हर्चर ही कंपनी सुमारे १६३ कोटी डॉलरना घेण्याचा करार झाला. ओव्हर्चरने त्याच वर्षी अल्टाव्हिस्टा आणि ऑलदवेब ही दोन इंजिने आपल्याकडे घेतलेली असल्यामुळे तीही याहूच्या पदरात पडली. फेब्रुवारी २००४ मध्ये याहूने गूगलचे निकाल सोडून स्वतःच्या इंजिनाचे निकाल दाखवण्यास सुरुवात केली. ज्यांचे पान गूगलमध्ये वर असल्यामुळे याहूवरही आपोआप वर दिसत होते, त्यांचा तो आधार एका निर्णयाने गेला. पुढे २०१० मध्ये याहूने स्वतःचे इंजिनही बाजूला ठेवले आणि निकाल मायक्रोसॉफ्टच्या बिंगकडून घ्यायला सुरुवात केली.

म्हणून सर्वप्रथम एक साधी स्प्रेडशीट तयार करावी. पहिल्या स्तंभात ग्राहक जिथून येतात त्या इंजिनाचे नाव, दुसऱ्यात त्याचे निकाल कोणाच्या इंडेक्समधून येतात ते, आणि तिसऱ्यात त्यावरील जाहिराती कोणाच्या लिलावातून येतात ते लिहावे. बिंग, याहू आणि डकडकगो ही तीन नावे पहिल्या स्तंभात वेगवेगळी असली तरी दुसऱ्या आणि तिसऱ्या स्तंभांत तिन्हींपुढे मुख्यतः मायक्रोसॉफ्टच येते. २३ मे २०२४ रोजी बिंगमध्ये बिघाड झाला तेव्हा डकडकगो आणि इकोझिया या इंजिनांनाही त्याची झळ बसली, ती याच कारणाने. तीन इंजिनांवर आपली उपस्थिती आहे असे समजून निर्धास्त राहिलेल्या जाहिरातदाराची भिस्त प्रत्यक्षात एकाच साठ्यावर असते.

पायरी २ : आपले अवलंबित्व विक्रीत मोजा, भेटींत नव्हे

वेबसाइटवरील भेटी मोजणाऱ्या ॲनालिटिक्समध्ये इंजिनानुसार भेटी दिसतात, परंतु त्या आकड्यावर निर्णय घेऊ नये. गेल्या बारा महिन्यांत आलेले चौकशीचे फोन, व्हॉट्सॲपवरील विचारणा आणि प्रत्यक्ष ऑर्डर यांची वर तयार केलेल्या साठ्यांनुसार विभागणी करावी.

मराठवाड्यातील बहुतेक किरकोळ व्यवसायांत ही विभागणी केल्यावर जवळजवळ सर्व धंदा गूगलकडून येतो असेच दिसेल, आणि मग दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या कंपन्यांनी एकत्र येण्याने आपले काय बिघडते, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. पैठणीचे दुकान, लातूरची शिकवणी किंवा वेरूळजवळचे हॉटेल यांच्यापुरते ते बऱ्याच अंशी खरेही आहे. वाळूज किंवा शेंद्रा येथील कारखान्यांना सुटे भाग पुरवणाऱ्यांची आणि जालन्याच्या स्टील उद्योगाशी व्यवहार करणाऱ्यांची गोष्ट मात्र वेगळी असते. त्यांचा ग्राहक म्हणजे एखाद्या कंपनीचा खरेदी विभाग असतो. तिथला कर्मचारी कार्यालयातील विंडोज संगणकावर काम करतो, त्या संगणकात एज ब्राउझर आधीपासून असतो आणि एजमध्ये मूळ इंजिन बिंग असते. अशा व्यवसायात वर्षाला बिंगवरून चारच चौकशा आल्या तरी त्यांतील एक ऑर्डर संपूर्ण जाहिरात खर्च भरून काढू शकते. म्हणून बाजारातील हिश्श्याची सरसकट टक्केवारी पाहून निष्कर्ष काढण्याऐवजी आपल्याच वहीतला हिशेब पाहावा.

पायरी ३ : नोंदी स्वतःच्या ताब्यात घ्या

विलीनीकरणात जाहिरातदाराचे सर्वांत मोठे नुकसान होते ते जुन्या माहितीचे, आणि दरवाढीपेक्षा ते मला अधिक गंभीर वाटते. वाढलेला दर पुढे कमी होऊ शकतो, पण गेलेली माहिती परत मिळत नाही. याहूचे साइट एक्सप्लोरर हे साधन आपल्या साइटकडे कोणाकोणाचे दुवे येतात हे पाहण्यासाठी जगभर वापरले जात होते. मायक्रोसॉफ्टशी झालेल्या करारानंतर नोव्हेंबर २०११ मध्ये ते बंद झाले. विलीनीकरण नसतानाही असे घडते. गूगलच्या जुन्या युनिव्हर्सल ॲनालिटिक्सने १ जुलै २०२३ पासून नवी माहिती नोंदवणे थांबवले आणि पुढील वर्षी जुनी माहितीही उपलब्ध राहिली नाही.

आपली साइट गूगलच्या निकालांत कोणत्या शब्दांवर दिसते हे सांगणारे गूगल सर्च कन्सोल फक्त १६ महिन्यांची माहिती दाखवते. हळदीचा, मोसंबीचा किंवा शिकवणी प्रवेशाचा धंदा हंगामी असल्यामुळे किमान दोन हंगामांची तुलना करता आली नाही तर अहवालाला फारसा अर्थ उरत नाही, आणि १६ महिन्यांत दोन हंगाम पूर्ण बसत नाहीत. त्यामुळे दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सर्च कन्सोल आणि बिंगच्या तशाच साधनातील, म्हणजे बिंग वेबमास्टर टूल्समधील, शोधशब्दांचा अहवाल, जाहिरात खात्यांतील कीवर्ड, बोली, क्लिकमागचा प्रत्यक्ष दर, नकारात्मक कीवर्डची (ज्या शब्दांवर जाहिरात दाखवायची नाही त्यांची) यादी आणि लोकांनी खरोखर टंकलेल्या शब्दांचा अहवाल सीएसव्ही स्वरूपात, म्हणजे स्प्रेडशीटमध्ये उघडणाऱ्या साध्या फाइलमध्ये, उतरवून घ्यावा. फाइलच्या नावात वर्ष आणि महिना असावा. जाहिरातींचा मजकूरही जतन करावा, कारण खाते बंद झाल्यावर लोकांना सर्वांत जास्त आठवण होते ती चाललेल्या जुन्या मजकुराची.

आणखी एक गोष्ट इथेच सांगणे आवश्यक आहे. आपल्याकडे बऱ्याच दुकानांची जाहिरात खाती एजन्सीच्या ईमेलवर उघडलेली असतात. खाते हलवण्याची सूचना त्या ईमेलवर जाते आणि मालकाला तिचा पत्ताही लागत नाही. खात्याची मालकी व्यवसायाच्या स्वतःच्या ईमेलवर ठेवून एजन्सीला फक्त वापराचा अधिकार द्यावा.

पायरी ४ : घोषणा आणि अंमलबजावणी यांतील अंतर ओळखा

बातमी आल्याबरोबर धावपळ करण्याचे कारण नसते. फेब्रुवारी २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने याहूसाठी ४,४६० कोटी डॉलरचा प्रस्ताव दिला आणि मे महिन्यात तो मागे घेतला. त्याच वर्षी जून महिन्यात याहूने गूगलच्या जाहिराती दाखवण्याचा करार केला, परंतु अमेरिकेच्या न्याय विभागाने आक्षेप घेतल्यामुळे नोव्हेंबरमध्ये गूगलने त्यातून अंग काढून घेतले. शेवटी २९ जुलै २००९ रोजी मायक्रोसॉफ्ट आणि याहू यांच्यात दहा वर्षांचा करार झाला. त्याला फेब्रुवारी २०१० मध्ये अमेरिका आणि युरोप येथील यंत्रणांची संमती मिळाली. अमेरिकेत बिंगचे निकाल याहूवर ऑगस्ट २०१० मध्ये आले आणि जाहिराती ऑक्टोबर २०१० मध्ये हलल्या. म्हणजे घोषणेपासून जाहिराती हलेपर्यंत सुमारे पंधरा महिने गेले, आणि त्याआधी एक प्रस्ताव आणि एक करार बारगळला होता.

भारतात अशा व्यवहारांची तपासणी भारतीय स्पर्धा आयोग करतो. १० सप्टेंबर २०२४ पासून लागू झालेल्या सुधारित तरतुदींनुसार व्यवहाराचे मूल्य २,००० कोटी रुपयांहून अधिक असेल आणि संबंधित कंपनीचा भारतात लक्षणीय कारभार असेल, तर आयोगाची पूर्वसंमती घ्यावी लागते. आयोगासाठी निर्णयाची कमाल मुदत १५० दिवसांची आहे. सर्च हा विषय आयोगाला नवा नाही. निकालांच्या मांडणीत पक्षपात केल्याबद्दल फेब्रुवारी २०१८ मध्ये आयोगाने गूगलला १३५.८६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता.

बातमी वाचताना चार गोष्टी शोधून टिपून ठेवाव्यात : करार पूर्ण खरेदीचा आहे की फक्त पुरवठ्याचा, त्यात इंडेक्स येतो की लिलाव की दोन्ही, भारतातील सेवा कोणत्या टप्प्यात हलणार आहे, आणि मुदत किती वर्षांची आहे. पुरवठ्याचे करार वर्तमानपत्रात लहान बातमी म्हणून येतात, पण जाहिरातदारावरील त्यांचा परिणाम खरेदीइतकाच असतो. ऑगस्ट २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने इतरांना बिंगचे निकाल पुरवणारी जुनी एपीआय सेवा (एका प्रणालीतून दुसरीला थेट माहिती देणारी जोडणी) बंद केली तेव्हा ना विलीनीकरण झाले होते ना विक्री, तरीही त्या सेवेवर उभ्या असलेल्या छोट्या इंजिनांना दुसरा मार्ग शोधावा लागला.

पायरी ५ : लिलावात काय होईल याचा आधीच अंदाज घ्या

दोन मोंढ्यांतील खरेदीदार एकाच ओट्यावर आले की बोली चढते. सर्चच्या जाहिरातींतही तसेच घडते, पण सर्वत्र सारखे घडत नाही, आणि नेमके कुठे घडेल हे आधी कळू शकते.

वसमतच्या एका काल्पनिक हळद व्यापाऱ्याचे उदाहरण घेऊ. ‘हळद पावडर घाऊक’ या कीवर्डसाठी पहिल्या इंजिनावर तीन जाहिरातदार आहेत आणि त्यांच्या बोली १४, ११ आणि ६ रुपये आहेत. दुसऱ्या इंजिनावर दोघेच आहेत : आपला व्यापारी १३ रुपयांवर आणि दुसरा एक ४ रुपयांवर. जाहिरातीच्या गुणवत्तेचा भाग क्षणभर बाजूला ठेवला, तर वरच्या जागेसाठी द्यावी लागणारी रक्कम ही खालच्या स्पर्धकाला मागे टाकण्यापुरतीच असते. त्यामुळे १३ रुपयांची बोली लावूनही व्यापाऱ्याला ४ रुपयांच्या किंचित वर दरात पहिली जागा मिळत आहे. दोन्ही लिलाव एकत्र झाले की बोलींचा क्रम १४, १३, ११, ६, ४ असा लागतो. आता त्याच १३ रुपयांच्या बोलीवर तो दुसऱ्या जागी जातो आणि क्लिकमागे ११ रुपयांहून थोडे अधिक मोजतो. त्याने काहीही बदललेले नाही, तरी त्याचा दर जवळजवळ तिप्पट झाला आणि जागाही एक पायरी खाली आली.

हेच पाचही जाहिरातदार आधीपासून दोन्ही इंजिनांवर त्याच बोली लावत असते तर मात्र फारसा फरक पडला नसता. म्हणून दोन्ही खात्यांतील ऑक्शन इनसाइट्सचा, म्हणजे लिलावात आपल्यासोबत कोण असते हे दाखवणारा, अहवाल काढून प्रत्येक महत्त्वाच्या कीवर्डवरील स्पर्धकांची नावे शेजारी शेजारी मांडावीत. दोन्हीकडे तीच नावे असतील तिथे दर स्थिर राहण्याची शक्यता आहे. दुसऱ्या इंजिनावर आपण जवळजवळ एकटेच आहोत असे जिथे दिसेल, तिथली स्वस्ताई विलीनीकरणानंतर टिकणार नाही असे गृहीत धरावे. नेमके हेच कीवर्ड आपल्याला सर्वांत अधिक नफा देत असतात, हे लक्षात घेऊन त्यांचा अंदाज आधी करावा.

त्यानंतर प्रत्येक कीवर्डसाठी परवडणारा कमाल दर ठरवावा. समजा, एका पैठणीच्या विक्रीमागे सर्व खर्च वजा जाता २,४०० रुपये राहतात आणि सरासरी १२० क्लिकमागे एक विक्री होते, तर २० रुपयांच्या दराला नफा शून्य होतो. नफ्यातील निम्मा भाग जाहिरातीवर घालायचा असे ठरवले तर मर्यादा १० रुपयांची होते. हा आकडा लिलाव एकत्र होण्यापूर्वी कागदावर लिहिलेला असावा, कारण दर चढू लागल्यावर स्पर्धकाच्या ईर्ष्येने बोली वाढवणारे लोक मी बरेच पाहिले आहेत.

दर वाढवण्याला बोलीशिवाय दुसराही एक मार्ग असतो, तो म्हणजे आकारणीची पद्धतच बदलणे. इंकटोमीमध्ये वार्षिक शुल्क भरून आपली पाने साठ्यात घेण्याची सोय होती. याहूने विकत घेतलेल्या इंजिनांच्या अशा योजना एकत्र करून मार्च २००४ मध्ये साइट मॅच नावाची योजना आणली आणि तिच्यात वार्षिक शुल्काबरोबर प्रत्येक क्लिकचे पैसेही आकारले. ठरावीक खर्चाचा हिशेब मांडून बसलेल्या व्यावसायिकाचा अंदाज त्यामुळे पूर्णपणे कोलमडला. नव्या अटींचे पत्रक आले की सर्वांत आधी आकारणीचे कलम वाचावे.

पायरी ६ : खाते हलवताना प्रत्येक कीवर्ड हाताने तपासा

खाते आपोआप हलवून देण्याची सोय कंपन्या देतात आणि ती वापरण्यास हरकत नाही. मायक्रोसॉफ्ट ॲडव्हर्टायझिंगमध्ये गूगल ॲड्सचे कॅम्पेन थेट आणता येतात. पण यंत्राने हलवलेले खाते जसेच्या तसे चालू करणे धोक्याचे असते. २०१० मध्ये याहूच्या जाहिरात खात्यात कीवर्ड लोकांनी टंकलेल्या शब्दांशी जुळवण्याचे दोन प्रकार होते, तर मायक्रोसॉफ्टच्या ॲडसेंटरमध्ये तीन. दोहोंचे तीनांत रूपांतर करताना कीवर्डची व्याप्ती बदलली.

मराठी कीवर्डच्या बाबतीत ही तपासणी अधिक बारकाईने करावी लागते. ‘साडी’ शोधणारा माणूस ‘साड्या’, ‘साडीची किंमत’, ‘साड्यांचे दुकान’ असे काहीही टंकतो. विभक्ती प्रत्यय लागल्यावर शब्दाचे रूपच बदलते आणि ही रूपे एकाच कीवर्डखाली घ्यायची की नाही, हे प्रत्येक इंजिन आपल्या पद्धतीने ठरवते. शिवाय तेच शब्द रोमन लिपीत टंकणारेही बरेच असतात. त्यामुळे जुन्या खात्यातील शोधशब्दांच्या अहवालातून ज्या रूपांवर प्रत्यक्ष विक्री झाली ती वेचून नव्या खात्यात स्वतंत्र कीवर्ड म्हणून घालावीत.

गावांच्या नावांचेही तसेच आहे. छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव ही नावे अधिकृत झाली असली तरी औरंगाबाद आणि उस्मानाबाद असे शोधणारे लोक आहेत, विशेषतः बाहेरून येणारे पर्यटक. कीवर्डमध्ये दोन्ही नावे ठेवावीत आणि ठिकाण निवडण्याच्या यादीत नव्या खात्याने योग्य जिल्हा उचलला आहे ना, हे नकाशावर पाहून घ्यावे. जिल्हाच गळला असेल तर जाहिरात दिसणार नाही आणि चूक शोधण्यात आठवडा जाईल.

किती क्लिकचे चौकशीत किंवा विक्रीत रूपांतर झाले हे मोजणारा टॅग (वेबसाइटमध्ये टाकायचा छोटा कोड) नव्या कंपनीचा बसवावा लागतो. जुना टॅग लगेच काढू नये. रीमार्केटिंगच्या, म्हणजे साइटवर येऊन गेलेल्यांना पुन्हा जाहिरात दाखवण्याच्या, याद्या एका कंपनीकडून दुसरीकडे सहसा जात नाहीत, त्या नव्याने भरू द्याव्या लागतात. ग्राहकांचे मोबाइल क्रमांक चढवून यादी करायची असेल तर त्या ग्राहकांची संमती आहे का, हे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या संदर्भात आधी पाहावे. बिल देणाऱ्या संस्थेचे नाव बदलले तर जीएसटी क्रमांक नव्या खात्यात पुन्हा नोंदवावा आणि पहिले बिल आल्याबरोबर सीएला दाखवावे, नाहीतर इनपुट क्रेडिट अडकते.

पायरी ७ : विनाशुल्क निकालांची तयारी

येथे काम कमी आहे. ज्या कंपनीचा इंडेक्स टिकणार आहे तिच्या वेबमास्टर टूल्समध्ये साइटची नोंदणी करून साइटमॅप (साइटवरील पानांची यादी) द्यावा. बिंगमध्ये ही नोंदणी सर्च कन्सोलवरून थेट आणता येते. मग कोणत्या इंजिनाला साइट वाचू द्यायची हे सांगणारी साइटची रोबोट्स फाइल उघडून पाहावी. होस्टिंगवरचा ताण कमी करण्यासाठी डेव्हलपरने कधीतरी बिंगबॉट, म्हणजे पाने वाचणारा बिंगचा प्रोग्राम, अडवून ठेवलेला असणे मुळीच दुर्मीळ नाही. तो अडवला की फक्त बिंग जात नाही, त्याच साठ्यावर चालणारी इतर नावेही जातात. मायक्रोसॉफ्टचा कोपायलट बिंगवर चालतो आणि चॅटजीपीटीच्या शोधानेही बिंगचा आधार घेतलेला आहे, त्यामुळे आता ही चूक पूर्वीपेक्षा महाग पडते.

साठा बदलल्यावर पहिले काही आठवडे क्रमांक वरखाली होतात. या काळात पानांची शीर्षके किंवा पत्ते बदलू नयेत, कारण मग घसरण साठ्यामुळे झाली की आपल्या बदलामुळे, हे सांगता येणार नाही.

पायरी ८ : जुने खाते कधी बंद करावे

नवे खाते सुरू होताच जुने बंद करण्याची घाई करू नये. दोन्ही चालू ठेवून जुन्या खात्याचे दैनिक बजेट हळूहळू कमी करत जावे आणि त्यात आगाऊ रक्कम भरणे थांबवावे, जेणेकरून शिल्लक परत मिळवण्याचा पत्रव्यवहार करावा लागणार नाही. क्लिक, दर आणि चौकशा यांची आठवड्यागणिक तुलना मागील वर्षीच्या त्याच आठवड्यांशी करावी. आदल्या आठवड्याशी केली तर गुढीपाडवा, दसरा किंवा प्रवेशाचा हंगाम आकडे फिरवून टाकतो. ज्या कीवर्डचा दर पाचव्या पायरीत ठरवलेल्या मर्यादेपलीकडे सलग चार आठवडे राहील तो थांबवावा आणि त्याचे बजेट प्रत्यय लागलेल्या, लांब आणि कमी स्पर्धेच्या मराठी शब्दसमूहांकडे वळवावे. शेवटचे सर्व अहवाल आणि वर्षभराची बिले उतरवून झाली, आणि नव्या खात्याचे पहिले बिल लेखापुस्तकात जुळले, की मग जुने खाते बंद करण्याची विनंती करावी.